दख्खनी लोकर, मेरिनो, ससा आणि थोडं टसर: घरच्या घरी मिश्रण करून सूत कसं काढायचं

माझं पहिलं मिश्रण ५०-५० होतं. अर्धी दख्खनी मेंढीची काळी लोकर आणि अर्धी अंगोरा सशाची पांढरीशुभ्र. डोक्यातला हिशोब एकदम सरळ, एक टोचरं, एक मऊ, दोन्ही मिळून मध्यम होणार, चहात दूध घातल्यासारखं. महिनाभर खपून सूत काढलं, मफलर विणला, गळ्यात घातला आणि दहा मिनिटांत मान लाल, वर सशाचे केस नाकात जाऊन शिंका त्या वेगळ्याच. तो मफलर आता मांजरीच्या टोपलीत आहे, तिची काही तक्रार नाही.

माझं चुकलं ते उपमेत. लोकरीचं मिश्रण चहा-दुधासारखं होतच नाही, ते चिवड्यासारखं होतं. चिवड्यात कितीही ढवळलंत तरी पोहे पोहेच राहतात आणि शेंगदाणा शेंगदाणाच लागतो. तसा जाड केस बारीक केसांच्या गर्दीत गेला म्हणून बारीक होत नाही, त्याचं टोक सुतातून बाहेर डोकावतंच आणि कातडीला लागतंच. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, केसाची जाडी त्यात मोजतात) वरचा केस टोचतो, आणि असे केस शंभरात पाचच्या वर गेले की बहुतेकांना ते जाणवतं. दख्खनी लोकरीची सरासरीच ३० च्या वर असते. म्हणजे ८० टक्के मेरिनोत (मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक, मऊ लोकर) २० टक्के दख्खनी घातली तरी ते सूत गळ्याला टोचणार. म्हणून कुठल्याही मिश्रणाआधी एकच प्रश्न विचारायचा, हे सूत अंगाला लागणार आहे की नाही? लागणार असेल तर दख्खनी बाजूला ठेवा. नसेल, म्हणजे पिशवी, आसन, सोफ्यावरच्या उशीचा अभ्रा, लॅपटॉपचं कव्हर, अस्तर लावलेलं जाकीट वगैरे, तर दख्खनीसारखं दणकट काही नाही आणि तिच्यात घातलेली थोडीशी मेरिनो कातणाऱ्याचे कष्ट वाचवते.

कोण कोण आहे आणि कशाला चालतं

दख्खनी म्हणजे आपल्याकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची, घोंगडीवाली लोकर. बहुतेक काळी, काही करडी-तपकिरी. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात त्यामुळे केस आखूड, मला मिळाली ती दोन-अडीच इंचाची होती. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ, ते त्यातल्या त्यात मऊ, मिळालं तर सोडू नका. ज्या मेंढपाळ मामांकडून मी आणते ते म्हणाले, "ताई, लोकरीपेक्षा कातरायची मजुरी जास्त पडतीया, न्या काय पायजे ते." मी तरी पैसे देऊनच आणते, तुम्हीही द्या. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात, ज्या वस्तूला देवाच्या डोक्यावर जागा आहे ती फुकटात उचलायला मला कसंतरीच वाटतं.

मेरिनो ऑनलाइन मिळते, विंचरून तयार केलेल्या लांब पेडाच्या रूपात, त्याला टॉप म्हणतात. १७ ते २४ मायक्रॉन, तीन-साडेतीन इंच लांब, भरपूर कुरळेपणा. नवख्या माणसाने मिश्रणाचा पाया म्हणून हीच घ्यावी, कारण ती इतर सगळ्यांना धरून ठेवते.

अंगोरा आणि मोहेर यात घोटाळा करू नका. अंगोरा म्हणजे सशाचे केस, मोहेर म्हणजे अंगोरा नावाच्या बकरीचे. दोघांचंही नाव तुर्कस्तानातल्या अंकाराच्या जुन्या नावावरून आलंय म्हणून ही भानगड. ससा अतिशय बारीक, गुळगुळीत, हलका आणि भयंकर गरम, आपल्याकडे कुल्लूच्या बाजूला पाळतात. सश्यांना अडीच-तीन महिन्यांनी कातरतात, पण जगात काही ठिकाणी जिवंत सशाचे केस उपटून काढतात, तेव्हा घेताना कातरलेले आहेत ना हे विचाराच. मोहेर लांब, चकचकीत आणि मजबूत, मोज्यांच्या सुतात २०-२५ टक्के घातली की टाचेला लवकर भोक पडत नाही.

रेशमात मलबेरी सगळ्यांना माहीत आहे. मला स्वतःला टसर जास्त आवडतं, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं, आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडचं. रंग मुळातच गव्हाळ-सोनेरी, मलबेरीपेक्षा किंचित जाड आणि म्हणून हाताळायला सोपं. अल्पाका आपल्याकडचा प्राणी नाही, बाहेरून येतो. मऊ असतो पण त्यात स्प्रिंग नाही, नुसत्या अल्पाकाचा स्वेटर घातलात तर दिवाळीपर्यंत गुडघ्यापर्यंत येतो, मेरिनोत २०-३० टक्केच बरा. पश्मिना आणि याकची आतली मऊ लव (लडाखात तिला खुल्लू म्हणतात) दोन्ही जेमतेम दीड-दोन इंचाच्या, महाग, आणि नवख्या हाताने कार्डवर (लोकर विंचरायच्या तारांच्या ब्रशवर) घातल्या तर गाठीच गाठी. यांना वर्षभर तरी हात लावू नका असं माझं मत.

एक महत्त्वाचं. ऑनलाइन "प्युअर मेरिनो" म्हणून ॲक्रिलिक येऊ शकतं, मलाही एकदा आलंय. तपासायला चिमूटभर केस चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघायचे. खरी लोकर किंवा रेशीम असेल तर हळूहळू जळतं, ज्योत काढली की विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरली की भुगा होतो. ॲक्रिलिक भडकतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी वितळून कडक मणी उरतो. खिडकी उघडी ठेवा, आणि सासूबाई देवपूजेला बसल्या असताना हा प्रयोग करू नका.

सामान

फार काही लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पट्टी, कात्री, जुनी चादर (मांडीवर घ्यायला), पाण्याची स्प्रे बाटली, वही. हँड कार्डची जोडी, म्हणजे लाकडी फळीवर वाकड्या तारांचे दात असलेले दोन मोठे ब्रश, घेतलीत तर उत्तमच. दात किती दाट हे चौरस इंचात मोजतात. ७२ दातांची जोडी साध्या लोकरीला बरी, मेरिनो-रेशमाला ११०च्या आसपासची. पण लगेच घेऊ नका. पेट शॉपमध्ये कुत्र्यांना विंचरायचे स्लिकर ब्रश मिळतात, वाकड्या तारांचेच, मी सहा महिने दोन स्लिकर ब्रशवर काढले. एका वेळी एक-दीड ग्रॅमच बसतं पण हात बसतो. दात बोटात घुसतात, सावकाश.

ड्रम कार्डर, ब्लेंडिंग बोर्ड वगैरे मिश्रणाची मोठी साधनं व्हिडिओत बघून जीव लागतो खरा, पण पहिलं अर्धा किलो हाताने केल्याशिवाय त्यात पैसे घालू नका. यंत्र चूकसुद्धा पटकन आणि किलोच्या हिशोबात करतं.

लोकर धुणं

टॉप धुतलेलाच येतो, त्याला हात लावू नका. हे फक्त मेंढीवरून आलेल्या लोकरीसाठी. आधी चादरीवर पसरून मास्क लावून झटका, गोखरू, कुसळं, लेंड्या हाताने वेचून काढा, शेपटीकडचा आणि पोटाचा घाण भाग सरळ कंपोस्टमध्ये टाका. मग रात्रभर गार पाण्यात भिजवा. सकाळी जे पाणी निघेल ते बघून घाबरू नका, गावच्या ओढ्याला पहिला पूर आल्यासारखं दिसतं, झाडांना घाला, खत आहे ते.

मग लोकर कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत सैलसर भरा, बादलीत गीझरचं चांगलं कडक, हात जेमतेम घालवेल इतकं पाणी घ्या, त्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, आणि पिशवी फक्त बुडवा. वीस मिनिटं तशीच. घुसळायचं नाही, चोळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही. लोकरीच्या केसावर मासोळीसारखे खवले असतात, गरम पाण्यात ते उघडतात आणि अशात हलवलं की एकमेकांत अडकून नमदा होतो, तो परत सुटत नाही. पाण्याचं तापमानही एकदम बदलू नका, गरमातून गारात टाकलं की तेच होतं, त्यामुळे विसळायला पण तेवढंच गरम पाणी. दख्खनी लोकरीत तेलकटपणा कमी आणि माती जास्त, त्यामुळे साबणाचं एक पाणी पुरतं पण विसळायची तीन-चार लागतात. शेवटी पिशवीसकट वॉशिंग मशीनमध्ये फक्त स्पिन, मग सावलीत जाळीवर. ब्लीच कधीच नको, लोकर, रेशीम, ससा सगळं प्रोटीन आहे, ब्लीचमध्ये विरघळून जातं.

लांबी आधी, बाकी सगळं नंतर

नवीन लोक मऊपणा आणि रंग बघतात आणि लांबी विसरतात, आणि मिश्रण फसतं ते नव्वद टक्के वेळा इथेच. पाच इंची रेशीम आणि दोन इंची ससा एकत्र घातला तर कातताना लांब धागा आधी ओढला जातो, आखूड मागे राहतो, आणि सुतात एक वीतभर चकचकीत रेशीम, मग सशाचा गोळा, मग परत रेशीम. म्हणून पट्टी घ्या. प्रत्येक प्रकारातली एक बट काढून ताणून मोजा. दोघांत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक असेल तर चालेल, त्याहून जास्त असेल तर लांबवाल्याला कात्री लावायची. हो, महागडं रेशीम कापायचं, पहिल्यांदा हात थरथरतो. मेरिनोबरोबर घालायचं असेल तर तीन इंचाचे तुकडे, दख्खनीबरोबर अडीच.

मग वजन. एकदम शंभर ग्रॅम करायला घेऊ नका, १० ग्रॅमचं सॅम्पल करा, हिशोबही तोंडी होतो, ७ ग्रॅम हे आणि ३ ग्रॅम ते. एक गंमत सांगते, लोकर हवेतलं पाणी पिते, ओली न लागता स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी धरू शकते, त्यामुळे जुलैत रत्नागिरीला मोजलेले १० ग्रॅम आणि मे महिन्यात नागपूरला मोजलेले १० ग्रॅम सारखे नसतात. सगळा माल एक दिवस एकाच खोलीत पसरून ठेवा आणि मग मोजा, एवढं पुरे.

नवख्यांसाठी तीन प्रमाणं देते, तिन्ही माझ्या वहीतली. दख्खनी ६० मेरिनो ४०, पिशवी-आसनासाठी. काळ्यात पांढरं मिसळून जो करडा येतो तो कुठल्याच रंगाच्या डब्यात मिळत नाही, पिकलेल्या केसांसारखा, जिवंत. मेरिनो ८० टसर २०, शाल-मफलरसाठी, चमक येते आणि मेरिनोची स्प्रिंगही राहते, रेशीम ३० च्या पुढे नेलंत तर सूत लोंबायला लागतं. आणि मेरिनो ७५ ससा २५, टोपी-हातमोज्यांसाठी. ससा २५ च्या वर कशाला? पुण्याच्या थंडीत तरी नाहीच.

पहिली पद्धत, नुसत्या हाताने ओढून

टॉपमध्ये टॉप मिसळायचा असेल, म्हणजे मेरिनो आणि टसर, तर कार्डची गरजच नाही, आणि ही जागा माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगली. इथे मात्र रेशीम कापू नका, दोन्ही टॉपचे फूटभर लांब तुकडे घ्या, प्रमाणाप्रमाणे उभे चिरून पातळ पट्ट्या करा, मेरिनोच्या चार आणि टसरची एक, आणि टसर मध्ये ठेवून एकावर एक रचा. आता दोन हातांत दोन टोकं धरा आणि ओढा. निघणार नाही. अगदी जोर लावलात तरी नाही, दोरीसारखं ताणून बसेल. कारण हात जवळ आहेत, एकाच केसाची दोन्ही टोकं तुम्ही धरली आहेत आणि स्वतःशीच रस्सीखेच चाललीय. हात लांब न्या, आठ-नऊ इंच, आणि हलकेच ओढा. लोण्यासारखं सुटतं. आता हातात दोन तुकडे आले, ते एकावर एक ठेवा, परत ओढा. पहिल्या दोन वेळा पट्टे दिसतात, चौथ्यापर्यंत ते बारीक रेघा होतात, सात-आठ वेळांनंतर एकजीव. पट्टेदार आवडत असेल तर तिथेच थांबा, सुताला छान छटा येतात.

रेशीम हाताला अडकतं. टाचांसारखीच बोटांनाही भेगा असतात हे मला रेशमानेच शिकवलं. अर्धा चमचा साखर आणि थोडं खोबरेल हातांवर चोळून कोमट पाण्याने धुवा, नीट पुसा, मग बसा.

दुसरी पद्धत, कार्डवर

धुतलेली दख्खनी, ससा, कापलेलं रेशीम, सगळ्या सुट्या मालासाठी ही. डावं कार्ड डाव्या मांडीवर, दात वर, मूठ डावीकडे. उजवं उजव्या हातात, दात खाली. आधी लोकर बोटांनी मोकळी करा, कापूस पिंजल्यासारखी, एकही घट्ट बट राहता कामा नये. पिंजायचा कंटाळा केलात तर पुढे तिप्पट वेळ जातो.

डाव्या कार्डवर लोकरीचा पातळ थर लावा, टोक दातांवर टेकवून किंचित ओढलं की दात ते धरून ठेवतात. थर इतका पातळ की खालचे दात दिसले पाहिजेत. वर सशाचा किंवा रेशमाचा त्याहून पातळ थर, वर परत लोकर. निसरडा माल नेहमी मध्ये, सँडविचमधल्या चटणीसारखा, नाहीतर पहिल्याच फटकाऱ्यात तो उडून खोलीभर होतो. मोठ्या कार्डवर एकूण तीन-चार ग्रॅम, बस.

आता उजव्या कार्डने फिरवायचं, आणि इथे सगळे चुकतात, मीही चुकले, कारण आपल्याला वाटतं घासायचं आहे. घासायचं नाही. केसांत गुंता असलेल्या लहान मुलीची वेणी घालताना आपण मुळापासून फणी ओढतो का, आधी टोकं सोडवतो, तसं. पहिला फटका अगदी कडेला बाहेर आलेल्या केसांवरच, पुढचा जरा आत, त्याच्या पुढचा अजून आत. दात दातांत घुसवायचे नाहीत, दोन कार्डांच्या मध्ये लोकरीची साय असल्यासारखं अंतर ठेवायचं. कान उघडे ठेवा. बरोबर चाललं असेल तर सुती साडीच्या निऱ्या करताना येतो तसा सळसळ आवाज येतो, खर्र खर्र आला म्हणजे तारा तारांना लागतायत, कार्डही खराब होतंय आणि केसही तुटतायत.

सहा-आठ फटक्यांत निम्मा माल उजव्या कार्डवर येतो. मग उजव्या कार्डची पुढची कड डाव्याच्या मुठीकडच्या कडेला टेकवून उलट दिशेने ओढली की सगळा माल अलगद एका कार्डवर उतरतो. परत फटके. असं तीनदा. चौथ्यांदा मोह होतो, अजून जरा एकसारखं करू, नका करू. जास्त कार्ड केलं की बारीक केस तुटतात आणि तुटलेल्या टोकांच्या राजगिऱ्यासारख्या बारीक गाठी होतात, त्या सुतातून कधीच जात नाहीत. मेरिनो आणि ससा यांना तर तीनच्या वर नाहीच. थोडे पट्टे राहिले तर राहू द्या, कातताना अजून मिसळतं.

शेवटी तो पातळ पापुद्रा कार्डवरून सोडवून कार्डच्या पाठीवर ठेवायचा आणि विणायच्या सुईभोवती गुंडाळत न्यायचा, हलक्या हाताने, सुई काढून घ्यायची. आत पोकळ, बाहेर मऊ, सुरळीच्या वडीएवढी गुंडाळी. इंग्रजी व्हिडिओत याला रोलॅग म्हणतात आणि मी घरात तोच शब्द मिरवत होते, तर आई म्हणाली, "अगं हा तर पेळू!" तिच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, टकळी आणि कापसाचे पेळू घेऊन जायचे म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे पेळूच.

हवा कोरडी असली की ससा, रेशीम, अल्पाका यांना करंट येतो, केस कार्डवरून उठून तुमच्या हाताकडे, नाकाकडे, कुर्त्याकडे जातात. स्प्रे बाटलीत पाणी आणि दोन थेंब हेअर कंडिशनर घालून हवेत फवारायचं आणि त्याखाली लोकर धरायची, थेट लोकरीवर मारायचं नाही. मुंबईकरांना हा परिच्छेद लागत नाही. पण पंखा सगळ्यांनीच बंद ठेवा.

सूत काढणं

आईची पितळी टकळी कापसासाठी असते, हलकी आणि खूप वेगात फिरणारी, तिच्यावर ससा-मेरिनोचं अगदी बारीक सूत निघतं पण वाटीत टेकवून फिरवावी लागते. पेटीचरख्याचंही तसंच. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना रूप दिलेला तो येरवडा चरखा आखूड तंतूंसाठी झकास, जाड दख्खनीला पीळ फारच भराभर चढतो. सुरुवातीला लोंबती टकळी बरी, जुनी सीडी आणि जाड पेन्सिल यांची घरीसुद्धा होते, वजन ३०-४० ग्रॅम ठेवा.

पेळूच्या टोकातून चिमूटभर ओढून पीळ द्या आणि बघा. सूत हातात सुटून येत असेल तर पीळ कमी आहे, स्वतःभोवती वेटोळी घालत असेल तर जास्त. आखूड माल असलेल्या मिश्रणाला पीळ जास्त लागतो, लांब रेशीम-मोहेरवाल्याला कमी. टकळी सारखी खाली पडते त्याचा दोष स्वतःला देऊ नका, बहुतेक वेळा पीळ पेळूपर्यंत पोचण्याआधीच तुम्ही ओढलेलं असतं. दोन टकळ्या भरल्या की उलट्या दिशेने एकत्र पिळून दोनपदरी करा. मिश्रणाचं सूत एकपदरी ठेवू नये असं मी म्हणेन, पदर दुहेरी झाला की कुठे ससा जास्त, कुठे कमी ते झाकलं जातं.

मग खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, आणि कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, मग लडी एका टोकाला धरून बाथरूमच्या भिंतीवर तीन-चारदा फटकावा. शेजारी विचारतील. फटकावल्याने पीळ सगळीकडे सारखा होतो. सशाचं मिश्रण असेल तर एक जादा पायरी, एकदा गरम, एकदा गार पाण्यात बुडवून हलकं दाबायचं, धुताना जो नमदा टाळला तोच इथे जरासा होऊ द्यायचा, म्हणजे मेरिनो सशाच्या केसांना धरून ठेवते आणि ते नाकात जात नाहीत. रेशमाच्या मिश्रणाला हे अजिबात करू नका, लोकर आकसते आणि रेशीम आकसत नाही, सगळं सूत सुरकुततं.

वाळलेल्या सॅम्पलचा वीतभर तुकडा वहीत चिकटवा, बाजूला प्रमाण, लांबी, किती वेळा कार्ड केलं आणि तारीख. उरलेलं सूत ब्राच्या पट्टीत खोचून तासभर घरात वावरा, टोचतंय का ते तिथे लगेच कळतं, हातावर घासून कधीच कळत नाही. मी हे आधी केलं असतं तर मांजरीला मफलर मिळाला नसता.

राहिलेली लोकर बंद डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते, आणि कसर दुकानदारापेक्षा चोखंदळ असते, दख्खनी सोडून आधी सशालाच खाते. नवीन आणलेला माल पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मगच बाकीच्यात मिसळा. कार्डच्या दातांत अडकलेला चोथा आणि गाठी टाकू नका, एका जुन्या मोज्यात भरत जा, माझ्याकडे त्याची टाचण्या खोचायची उशी झाली आहे, दुसरी अर्धी भरलीय.